जे कोणी वृषाली नाही

वृषालीचे दिवस झाले आणि त्यानंतर आमच्या दाराला ऐकू यायला लागलं. दार बंद ठेवायचं, कडीवर हात ठेवायचा, काय हवंय ते मोठ्यानं सांगायचं आणि उघडायचं. सांगितलेलं बाहेर येऊन उभं असतं. मला हे कळलं ते दुधामुळे. मी स्वतःशीच चिडून म्हणालो होतो, "आता कुणी अर्धा लिटर दूध आणून ठेवलं तर उपकार होतील," आणि कडी काढली तर पायपुसण्यावर पिशवी. गार होती. मी ती उचलली, कापली आणि चहा टाकला. दूध आलंय म्हटल्यावर आणखी काय करणार?

एक मात्र होतं. फक्त काय हवं तेवढंच सांगायचं. कसं आणायचं ते सांगायला गेलं की कडी जाम होते. दुसऱ्या दिवशी मी सांगत बसलो, कोपऱ्यावरच्या डेअरीत जा, वरच्या क्रेटमधली पिशवी घेऊ नको, खालची घे, येताना जिन्यात डावीकडून ये. कडी हलेना. शेवटी वैतागून "दूध!" म्हणून ओरडलो तेव्हा ती निघाली.

वृषाली हे ऐकून हसली असती. आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मी पायरीपायरीनं प्रोग्राम लिहिणारा माणूस. हे घे, मग ते तपास, नसेल तर मागे जा. ती डेटाबेसवर काम करायची, आणि डेटाबेसला असलं काही सांगायचं नसतं. कोण हवंय आणि कुठल्या अटींत बसणारं हवंय, एवढं बोलायचं. शोधायचं कसं ते त्याचं तो बघतो. मी रिक्षात बसलो की गंगावेशीपासून घरापर्यंत प्रत्येक वळण सांगायचो. ती मला कोपरानं ढोसायची. "ओ बोंद्रे, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा असतो. हँडल त्याच्याकडं आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती मला ऑफिसातल्यासारखी आडनावानंच हाक मारायची. माझ्या आईला ते कधी आवडलं नाही. मला लई आवडायचं.

दुधानंतर मी पिवळी छत्री मागितली, मग लिंबं मागितली. मनात दुसरंच होतं, पण तिथवर जायचं धाडस होत नव्हतं. एके दिवशी सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कडीवर हात ठेवला आणि म्हणालो, "वृषाली यावी."

उघडलं तर जिना भरलेला. सगळ्या वृषाली. शाळेच्या गणवेशातली एक, बँकेचा बिल्ला लावलेली एक, काठी टेकत आलेली एक. रांग खाली फाटकापर्यंत गेली होती. जी जिथं होती तिथून तशीच उठून आली होती. एकीच्या दातांत पिन होती आणि अर्धी साडी खांद्यावर. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आमची नव्हती. अट एकच घातली की असंच होणार, हे मला, इतकी वर्षं हाच धंदा करणाऱ्याला, सुचू नये? मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "ज्यांचं नुसतं नाव वृषाली आहे, त्यांनी जावं." पुन्हा उघडलं तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. काठीवाली तेवढी सावकाश उतरत होती.

त्यातून दोन गोष्टी समजल्या. आलेलं माणूस आपणहून जाऊ शकत नाही, त्याला जा म्हणून दाराला सांगावं लागतं. आणि आधी सांगितलेलं आधी पुरं होतं, मग पुढचं. काठीवालीला मी कडी धरून थांबा म्हटलं, तरी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिचे पाय थांबले नाहीत.

मग मी अटी नीट घालायला लागलो. जिची वेणी कमरेखाली जाते. जिच्या डाव्या मनगटावर कुकरचा चटका आहे. जी नवऱ्याला आडनावानं हाक मारते. जी हॉटेलात स्वतःचं मागवत नाही आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाते. जी स्वयंपाक करताना शिट्टी वाजवते, एकच चाल, तीही अर्धी, आणि ती अर्धवट तोडून वाट बघत राहते. उरलेली अर्धी मी पुरी करायचो. मला शिट्टी येत नाही, म्हणून चमच्यानं ताटावर वाजवायचो. तेवढं झालं की ती आमटी उतरवायची. आमच्या घरात "जेवायला या" असं कुणी म्हणतच नव्हतं.

या अटींत अर्ध्यामुर्ध्या बसणाऱ्या सहाजणी पहिल्यांदा आल्या असतील. सगळ्यांच्या वेण्या लांब. सगळ्यात पुढं एक होती, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेचे.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"पद्मजा. इचलकरंजीहून आले. कणीक मळत होते." तिनं हात पुढं करून दाखवले. "हात धुवायला मिळतील का?"

मी तिला बेसिन दाखवलं. बाकीच्याही आत आल्या. परत पाठवाव्यात की नाही, ठरेना. एकीचं हसणं थोडं तिच्यासारखं होतं. एकीची मान तशीच होती. म्हटलं, राहू देत, अजून अटी घालू, म्हणजे आपोआप निवड होईल.

निवड झाली नाही. प्रत्येक अटीला आणखी येत गेल्या. माणसांचं हे असंच आहे. कितीही अटी घाला, त्यात बसणारं कुणीतरी निघतंच. आमचा हॉल त्यांना पुरावा म्हणून लांब होत गेला. आधी सोफ्याएवढा, मग खोलीएवढा, आणि मग समोरच्या भिंतीवरचा टीव्ही टिकलीएवढा दिसायला लागला. बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांचे मोबाइल वाजत होते. "आई कुठंयस?" "अगं, गॅस चालू ठेवून गेलीस!" त्या हळू आवाजात सांगत होत्या, येते, जरा अडकलेय.

सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे वर आले. कडेकडेनं पाय टाकत आले, कारण जिनाभर चपला होत्या.

"बोंद्रे, पाहुणे किती आहेत?"

"एकच यायची आहे."

"टाकीतलं पाणी संपलंय."

"आली की बाकीच्या जातील."

कुलथ्यांनी आत डोकावून त्या लांब ओळीकडं पाहिलं. वृषालीच्या वेळी हाच माणूस ॲम्ब्युलन्सला वाट करून द्यायला पावसात फाटक धरून उभा होता. "सावकाश होऊ द्या," असं म्हणून ते चपला ओलांडत खाली गेले.

नंतर मी जी अट घातली ती बाहेरच्यांइतकीच आतल्यांनाही लागायला लागली. मी म्हणालो, जिचा खालचा एक दात वाकडा आहे, आणि हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम ओठांवर हात नेले. पद्मजा बेसिनच्या आरशाकडं गेली आणि तोंड उघडून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डावं मनगट मला दाखवलं.

"हा चटका माझा नव्हे," ती म्हणाली. "मी कधी भाजले नाही."

"कुठंतरी लागलं असेल."

"ओ बोंद्रे, मला खोटं सांगू नका."

आवाज जवळजवळ तोच होता. पण डोळे पद्मजाचेच होते, आणि ते भ्यालेले होते. वृषालीनं असं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी पाणी प्यायला म्हणून तिथून निघून गेलो आणि पाणी न पिताच परत आलो.

थकलो होतो मी. अटी संपत आल्या होत्या. माझ्याच बायकोबद्दल सांगण्यासारखं इतकंच माझ्याकडं असावं याचा मला राग येत होता, लाजही वाटत होती. तेव्हा मला तिची ऑफिसातली एक युक्ती आठवली. एकसारखी खूप कामं पडली की ती एकेक लिहीत बसायची नाही. ती असा एक प्रोग्राम लिहायची, जो बाकीचे प्रोग्राम लिहील. आणि स्वतः कँटीनमध्ये जाऊन माझ्या ताटातली भजी खायची. मी म्हणायचो, असलं काही भरवशाचं नसतं, आपल्या हातात राहत नाही. ती म्हणायची, "आपल्या हातात काय राहतंय, बोंद्रे?"

मी कडीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मला असं मागणं हवंय, जे मागितलं की तीच येईल."

दार उघडलं. बाहेर माझा आवाज उभा होता. त्याला अंग नव्हतं, पण त्याचं येणं कळत होतं. बायकांनी पाय मागे घेऊन त्याला वाट दिली. तो आत आला, दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि अटी सांगायला लागला. माझ्याच आवाजात, पण माझ्यासारखा अडखळत नव्हता.

"जी आंघोळीनंतर ओल्या पायांनी घरभर फिरते," तो म्हणाला. "जी देवासमोर हात जोडताना एक डोळा उघडा ठेवते. जी भांडण झालं की कपाट आवरायला काढते आणि आवरत नाही. जी फोनवर हसताना भिंतीला पाठ घासते."

मला रडू फुटलं. हे सगळं मी विसरलो होतो. भिंतीवर तिच्या पाठीच्या उंचीला अजून तो चकचकीत पट्टा होता. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. मी हॉलमध्ये परक्या बायकांसमोर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत उभा राहिलो आणि म्हणालो, "सांग. आणखी सांग." ओळीतल्या बायका एकेक करून उठायला लागल्या आणि भिंतीला पाठ घासायला लागल्या. आवाज सांगत राहिला.

"जिचे केस गेले आहेत," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"जी डोक्याला निळा रुमाल बांधते. जिला बसल्यावर उठताना ओट्याचा आधार लागतो. जिला फोडणीचा वास सहन होत नाही, आणि तरी जी नवऱ्यासाठी आमटी करते."

"गप! ही अट नाही."

"ही अट आहे," माझा आवाज म्हणाला, आणि कडी त्यानंच काढली.

निळा रुमाल बांधलेली एक बाई आत आली. बारीक होती, गाऊन खांद्यावरून घसरत होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बायकांकडंही नाही. भिंतीचा आधार घेत सरळ स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं तिथून डबा उघडल्याचा आवाज आला. ओट्यासमोरची तिची पाठ मला दारातून दिसत होती. मी मान दुसरीकडं फिरवली.

पद्मजा माझ्याजवळ आली. "आत जाऊन बघा की."

"ती नव्हे."

"कशावरून?"

"माझ्या वृषालीची वेणी कमरेखाली जाते."

"ते तुम्ही घातलेल्या अटीत," पद्मजा म्हणाली. तिची स्वतःची वेणी आता कमरेखाली गेली होती. "एकदा तोंड तर बघा त्यांचं."

मला बघायचं नव्हतं. ते तोंड मी एकदा बघितलं होतं, दिवसेंदिवस, उशाशी बसून, आणि ते लहान होत गेलेलं बघितलं होतं. तेवढं एका माणसाला पुरे. मला आधीची हवी होती. भजी खाणारी. मला वाटलं, मागायचंच आहे तर माणूस चांगलं मागेल, आजारपण कोण मागेल? हे मी पद्मजाला सांगितलं नाही. तिला म्हणालो, "चुकून आली असेल. गर्दीत येतं कुणीतरी."

मग तिनं माझ्या शर्टाची बाही धरली.

"माझ्या मुलीचं नाव काय हो?" तिनं विचारलं.

"मला कसं माहीत असणार?"

"सकाळपर्यंत मला माहीत होतं. ती सहावीत आहे. तिचा फोन येतो आणि ती आई म्हणते, आणि मला पुढं काय म्हणायचं ते आठवत नाही." तिचा मोबाइल तेव्हाही वाजत होता. ती त्याच्याकडं बघत होती आणि उचलत नव्हती. "ओ बोंद्रे, मला जाऊ द्या."

मी ओळीकडं बघितलं. हॉलच्या त्या टोकापर्यंत एकच वेणी, एकच दात, एकच चटका. सगळ्यांचे मोबाइल वाजत होते. वृषाली माझ्या वाट्याला नव्हती म्हणून मी इतक्या घरांतल्या आया आणून बसवल्या होत्या. मला माझीच शिसारी आली. आणि तरीही, खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच होतं की यांतली एखादी तीच असली तर? सरसकट सगळ्यांना जा म्हटलं तर तीही जाईल. पुन्हा एकदा जाईल.

मग मला नेमकं मागणं सुचलं. थोडकं, स्वच्छ, कुठल्याही वळणाशिवाय. तिनं ऐकलं असतं तर पाठीत धपाटा घालून म्हणाली असती, जमलं की बोंद्रे तुम्हाला! जिला राहायचंय ती राहील, बाकीच्या सुटतील, आणि मला कुणाचं तोंड बघून ठरवायला लागणार नाही. मी कडीवर हात ठेवला.

"जे कोणी माझी वृषाली नाही," मी म्हणालो, "त्या सगळ्यांनी या घरातून जावं."

आणि दार उघडलं.

बायका उठायला लागल्या. कुणी केस सारखे केले, कुणी पदर. ओळ दाराकडं सरकली. उंबरा ओलांडला की वेणी आखूड होत होती, दात सरळ होत होता, आणि जिन्यात ती कुणीतरी दुसरीच, स्वतःची बाई होऊन चपला शोधत होती. मी दाराशी उभा राहून प्रत्येकीला हात जोडत होतो. पद्मजा बाहेर पडली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"सानिका!" ती ओरडली. "सानिका नाव तिचं!" तिनं मोबाइल कानाला लावला आणि बोलत बोलत धावत खाली गेली. मला इतकं बरं वाटलं की मी एकटाच हसलो.

माझा आवाज स्टुलावरून उठला आणि तोही गेला. हॉल आखडत आखडत पूर्वीएवढा झाला. टीव्ही जागेवर आला. सोफा रिकामा, भिंत रिकामी. म्हणजे यांतली एकही नव्हती. मी मान हलवली आणि दार लावायला हात पुढं केला, तर दार हाताला येईना. मी खाली पाहिलं. माझे पाय उंबऱ्याबाहेर होते आणि त्यांत चपला होत्या.

अरे, मीसुद्धा वृषाली नाही की!

अट घालताना स्वतःला सोडून बोलायचं राहिलं होतं. आमच्या धंद्यात असलं होतं. नको त्या नोंदी पुसून टाक म्हणायचं, आणि मग कळतं की त्यात आपणही मोडतो. मी चौकट धरायला गेलो, पण बोटं सुटली. पाय पहिली पायरी उतरले.

तेव्हा आतून शिट्टी आली. तीच चाल, बारीक, दमून दमून, मधे श्वास घेत. अर्ध्यावर आली आणि थांबली.

ती गेली नव्हती. जे कोणी माझी वृषाली नाही ते सगळे गेले होते, मीसुद्धा निघालो होतो, आणि निळा रुमाल बांधलेली ती एकटी ओट्यापाशी उभी होती. मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. इतका वेळ ती माझ्या घरात होती आणि मी तिचं तोंड बघितलं नव्हतं.

"वृषाली!" मी ओरडलो. पाय उतरत होते. "अगं, मी इथं आहे!" खिशात किल्ली होती ती काढली आणि जिन्याच्या कठड्यावर चालीचा उरलेला भाग वाजवला. घाईत दोन ठिकाणी चुकला. वर दार आपणहून लागलं.

"ओ बोंद्रे?" दाराआडून तिचा आवाज आला. मग पावलं, भिंतीला धरत धरत दाराशी आलेली. मग कडीवर हात ठेवल्याचा आवाज. तो मी ओळखतो. तिच्या सैल झालेल्या बांगड्या कडीवर आपटतात.

"जो रिक्षावाल्याला वळणं सांगतो," ती म्हणाली. "ज्याला शिट्टी येत नाही. जो माझी चाल चमच्यानं पुरी करतो."

मी या सगळ्यांत बसत होतो. मला वर ओढ लागली, इतकी की मान मागे गेली. पण माझं जाणं आधी सांगितलेलं होतं, आणि आधीचं आधी पुरं होतं. पाय उतरतच राहिले. खालून फाटक वाजलं आणि पुरुष वर यायला लागले. माझ्याच वयाचे, पोट थोडं सुटलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. प्रत्येकाच्या हातात चमचा होता. ते कठड्यावर वाजवत वाजवत माझ्या बाजूनं वर चालले होते, आणि त्यांच्यातला कुणीही चुकत नव्हता.

"सरका जरा," त्यांतला एक मला म्हणाला.

मी अंग चोरून भिंतीला लागलो. खाली कुलथे फाटक धरून उभे होते, येणाऱ्यांना वाट देत. ती माझ्यापेक्षा हुशार होती. अटी कशा घालायच्या हे तिला आधीपासून येत होतं. अजून दार उघडलेलं नव्हतं, आणि नेमकी एक अट, ज्यात मी बसतो आणि दुसरं कुणीही बसत नाही, ती तिला ठाऊक असणार. मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा वरून ती पुढची अट सांगत होती. इतक्या चमच्यांच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही.